काळ्या शाईतून करडा रंग: फोटो छापण्याच्या पहिल्या सत्तर वर्षांची खटपट

तुमचे प्रश्न दोन आहेत. पहिला, फोटो शाईने पहिल्यांदा कोणी छापला? तुम्हाला एके ठिकाणी फ्रान्सच्या निएप्सचं नाव मिळालं, दुसरीकडे इंग्लंडच्या टॉलबटचं, तिसरीकडे न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राचं. दुसरा प्रश्न पणजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या दोन चित्रांचा. जुन्या मराठी मासिकातल्या फोटोत भिंगाखाली ठिपके दिसतात. १८८१ सालच्या इंग्रजी पुस्तकात एका गृहस्थांचं तपकिरी-जांभळट चित्र पानावर चिकटवलेलं आहे, त्यात मात्र कितीही निरखलं तरी ठिपका दिसत नाही, आणि जुन्या पुस्तकांचा दुकानदार म्हणतो की तेही छापीलच आहे. तर खरं काय?

दुकानदाराचं बरोबर असावं. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी १९७३ ते १९९५ पुण्यात ब्लॉक, म्हणजे चित्र छापायचे धातूचे ठसे, बनवण्याच्या धंद्यात होतो. आधी कॅमेरा, मग एचिंग म्हणजे आम्लाने कोरणं, मग फिनिशिंग, शेवटी सगळंच. ऑफसेटने ब्लॉकचा धंदा संपवला, तेव्हापासून जुनी छापील चित्रं कोणत्या पद्धतीची आहेत हे ओळखून देण्याचं काम करतो. या विषयावर मला घाईने दोन ओळी लिहिता येत नाहीत, तेव्हा सवडीने वाचा.

आधी ‘फोटो छापणं’ म्हणजे काय ते ठरवू. स्टुडिओतून मिळणाऱ्या जुन्या फोटोची प्रत शाईची नसते, चांदीच्या क्षारांची असते. प्रत्येक प्रत निगेटिव्हखाली ठेवून उजेडात वेगळी तयार करावी लागते, वेगळी धुवावी लागते. शंभर प्रती म्हणजे शंभर वेळा तेच काम. छपाई म्हणजे ठसा एकदा तयार करायचा आणि त्याला शाई लावून हजार प्रती काढायच्या. शिवाय छापखान्याची शाई काजळीची, ती उडत नाही.

यातली खरी अडचण करड्या रंगाची. खिळ्याला, म्हणजे छापखान्यातल्या धातूच्या अक्षराला, शाई लागते आणि कागदावर उमटते. जिथे खिळा नाही तिथे कागद कोरा. काळं किंवा पांढरं, मधलं काही नाही. माणसाच्या गालावर कपाळापासून हनुवटीपर्यंत उतरत जाणारी सावली मात्र सगळी मधल्याच रंगांची. एकाच काळ्या शाईने हे मधले रंग कसे उमटवायचे, यावर फ्रान्स, इंग्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनी, कॅनडा, अमेरिका इथली माणसं साठ-सत्तर वर्षं झटली. ‘पहिला कोण’ याची वेगवेगळी उत्तरं मिळतात ती याचमुळे. प्रत्येकाने या अडचणीचा वेगळा तुकडा सोडवला.

निएप्सपासून सुरुवात करू. निसेफोर निएप्स हा फ्रान्समधल्या शालों-स्युर-सोन गावचा. त्याने घेतलेलं डांबर ज्यूडियाचं, म्हणजे मृत समुद्राच्या बाजूचं नैसर्गिक अस्फाल्ट. ते लव्हेंडरच्या तेलात विरघळवून त्याने धातूच्या पत्र्यावर पातळ थर दिला. या डांबराचा गुण असा की उजेड पडेल तिथे ते कडक होतं आणि मग तेलात विरघळत नाही. एखादं छापील चित्र तेल लावून पारदर्शक करायचं, पत्र्यावर ठेवायचं, तासन् तास उन्हात धरायचं. काळ्या रेघांखालचं डांबर मऊ राहतं, ते तेलाने धुऊन निघतं. उघड्या पडलेल्या धातूवर आम्ल टाकलं की रेघ कोरली जाते. १८२६ मध्ये त्याने कार्डिनल दाम्ब्वाझच्या एका जुन्या चित्राचा असा पत्रा केला आणि पॅरिसच्या लमेत्र या कोरीवकाम करणाऱ्या कारागिराकडून त्याचे छाप काढून घेतले. उजेडाने तयार झालेल्या ठशावरून शाईचा छाप निघाला तो इथे. ‘पहिला कोण’ याचं एका नावात उत्तर हवंच असेल तर मी निएप्सचं नाव घेईन.

पण नीट पाहा, त्याने नक्कल कशाची केली? कोरीव चित्राची, म्हणजे रेघांची. त्यात करडा रंग नव्हताच. मूळ कारागिराने तो आधीच बारीक रेघांत मोडून ठेवला होता. खिडकीतून दिसणारं अंगण आणि छपरं त्याने कॅमेऱ्याने कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर टिपली, तो पत्रा आज अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात आहे. त्याचा छाप मात्र निघाला नाही. एकाच पद्धतीने रेघ जमली आणि सावली जमली नाही, हा फरक मनात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याचीच आहे.

निएप्स १८३३ मध्ये वारला. १८३९ मध्ये त्याचा भागीदार डागेर याची पद्धत जाहीर झाली आणि जग वेडं झालं. डागेरोटाइप म्हणजे चांदीच्या आरशासारखा पत्रा, त्याची दुसरी प्रत निघत नाही. काही जणांनी तोच पत्रा आम्लाने कोरून छापून पाहिला, थोडेफार छाप निघाले, पण चांदी मऊ, ठसा लवकर झिजे. मग मासिकांनी काय केलं? फोटो समोर ठेवून बॉक्सवुडच्या ठोकळ्यावर चित्रकार चित्र काढी आणि कारागीर ते कोरी. चित्राखाली ‘छायाचित्रावरून’ असं छापत. पन्नासएक वर्षं लोकांनी वर्तमानपत्रात ‘फोटो’ म्हणून पाहिलं ते प्रत्यक्षात कोणाच्या तरी हाताचं कोरीवकाम होतं.

विल्यम हेन्री फॉक्स टॉलबटने निगेटिव्हवरून कागदी प्रती काढायची पद्धत शोधली. १८४४ ते १८४६ या काळात त्याने एक पुस्तक भागाभागाने काढलं, त्यात २४ खरे फोटो हाताने चिकटवलेले होते. त्यातले बरेच पुढे फिके पडले. आपलीच चित्रं डोळ्यांसमोर उडताना पाहून तो शाईकडे वळला असं मी मानतो, कारण त्यानंतरची त्याची सगळी धडपड त्याच दिशेची आहे. ही चिंता एकट्या त्याची नव्हती. १८५६ मध्ये फ्रान्सच्या ड्यूक द ल्युइन यांनी टिकाऊ फोटो छपाईसाठी १०,००० फ्रँकची बक्षिसं जाहीर केली. त्यातली ८,००० फ्रँक शाईने छापण्याच्या पद्धतीसाठी होती.

आता जिलेटिनकडे येऊ. माझ्या मते फोटो छपाईच्या इतिहासात यंत्रापेक्षा आणि भिंगापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे सरस. जिलेटिन म्हणजे दुसरं काय, हाडा-कातड्याचा शुद्ध केलेला सरसच. १८३९ मध्ये स्कॉटलंडच्या मंगो पॉन्टनला दिसलं की पोटॅशियम बायक्रोमेटच्या द्रावात भिजवलेला कागद उजेडात काळपट होतो. पुढे कळलं की बदल नुसत्या बायक्रोमेटमध्ये होत नाही. त्याच्या संगतीतला सरस किंवा खळ उजेडात घट्ट होते. टॉलबटने १८५२ मध्ये जिलेटिन आणि बायक्रोमेटचा थर पोलादी पत्र्यावर देऊन त्याचं पेटंट घेतलं.

आमच्या कारखान्यात हाच बायक्रोमेट नारिंगी खड्यांच्या रूपात बरणीत असायचा. सरसात घालून ढवळला की द्राव कडक चहासारखा दिसतो. पिवळ्या दिव्याखाली पत्र्यावर ओतायचा, व्हर्लरवर फिरवून एकसारखा पसरवायचा, वाळवायचा. वाळला की उजेडाला जागा होतो. निगेटिव्हखाली कार्बन आर्कच्या उजेडात काही मिनिटं ठेवला की जिथे उजेड पोचला तिथला सरस पाण्याला दाद देत नाही, बाकीचा नळाखाली वाहून जातो. हातमोजे आम्हाला कोणी दिले नव्हते. बोटांच्या पेरांवर जखमा व्हायच्या, त्या लवकर भरत नसत. जुने कामगार त्याला ‘क्रोम चावला’ म्हणत. तुमच्यापैकी कोणी छंद म्हणून ही जुनी पद्धत करत असेल तर हात झाका, डोळे झाका, आणि तो द्राव मोरीत ओतू नका. क्रोमियमचं हे रूप विषारी आहे.

उजेड लागलेला सरस विरघळत नाही, पाणी पीत नाही आणि चिकट शाई धरतो. या तीन गुणांतून निरनिराळ्या पद्धती निघाल्या.

पाणी न पिण्याचा गुण अल्फोन्स प्वातवँ या फ्रेंच इंजिनियरने १८५५ मध्ये वापरला. तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत हे शिळाप्रेसवाल्यांना, म्हणजे दगडावरून छापणाऱ्यांना, माहीत होतंच. प्वातवँच्या थरात उजेड न लागलेला भाग ओलावा धरतो आणि शाईला दूर लोटतो. उजेड लागलेला कोरडा राहतो आणि शाई घेतो. अर्धवट उजेड लागलेला अर्धवट घेतो. आणि इथे प्रथमच खरा करडा रंग छापून निघाला. ल्युइन यांचं ८,००० फ्रँकचं बक्षीस १८६७ मध्ये त्यालाच मिळालं. पुढच्याच वर्षी म्युनिकच्या योजेफ आल्बर्टने दगडाऐवजी जाड काचेवर हा थर पक्का बसवला आणि धंद्यासाठी वापरता येईल अशी पद्धत तयार झाली. तिला कोलोटाइप म्हणतात. थर भट्टीत वाळताना त्याला सूक्ष्म सुरकुत्या पडतात, त्या सुरकुत्यांत शाई बसते. साध्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. वीसपट भिंगाखाली गांडुळांसारख्या वळवळत्या रेघा दिसतात. माझ्या मते काळ्या शाईत कोलोटाइपइतकं सुंदर काही छापलं गेलेलं नाही. पण सरसाचा थर नाजूक, एका काचेवरून हजार-दोन हजार छाप काढले की संपला, आणि हवेतला दमटपणा बदलला की छाप बदलला. जपानमध्ये क्योटोला बेन्रिदो नावाचं एक छापघर अजूनही कोलोटाइप छापतं. मला ते एकदा पाहायचं आहे.

तुमच्या तपकिरी चित्राचा माझा अंदाज इथे येतो. वॉल्टर वुडबरी हा इंग्रज फोटोग्राफर जावामध्ये धंदा करून मायदेशी परतला आणि १८६४ मध्ये त्याने एका पद्धतीचं पेटंट घेतलं. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. निगेटिव्हखालून जिलेटिनच्या जाड थरावर उजेड पाडायचा आणि गरम पाण्याने धुवायचा. जिथे जास्त उजेड तिथे उंचवटा, जिथे कमी तिथे खोलगट. म्हणजे फोटोचा डोंगर-दऱ्यांसारखा उठाव तयार होतो, कागदाइतका पातळ. तो वाळवून कडक करायचा, शिशाच्या पत्र्यावर ठेवायचा आणि हायड्रॉलिक प्रेसमध्ये टनावारी दाबाखाली दाबायचा. जिलेटिन चिरडत नाही. उलट शिशातच त्याचा साचा उमटतो. बोटाने दाबलं तर मोडेल असा सरसाचा पापुद्रा धातूत ठसा उमटवतो! मग त्या साच्यात रंग घातलेलं कोमट जिलेटिन ओतायचं, वर कागद ठेवून झाकण दाबायचं. जादा रंग कडेने बाहेर येतो, आतला थंड होऊन थिजतो, कागद उचलला की चित्र कागदावर. साचा खोल तिथे रंगाचा थर जाड म्हणून गडद, उथळ तिथे पातळ म्हणून फिका. बर्फीच्या साच्यासारखंच काम.

यात ठिपका नाही, रेघ नाही, कण नाही. एकाच रंगाच्या कमी-जास्त जाडीतून सगळ्या छटा. म्हणून तुम्हाला भिंगाखाली काही दिसत नाही. आणि चित्राच्या कडेला बाहेर आलेला रंग लागलेला असे म्हणून प्रत्येक प्रत कापून पुस्तकात हाताने चिकटवावी लागे. तुमचं चित्र चिकटवलेलं का, त्याचं कारण हेच असावं. १८७७ मध्ये जॉन थॉमसनने लंडनच्या रस्त्यांवरच्या गरिबांचे फोटो प्रसिद्ध केले तेही याच पद्धतीने.

तिसरा रस्ता तांब्याचा. टॉलबटने १८५८ मध्ये तांब्यावर राळेची बारीक पूड बसवून कण निर्माण केले आणि फेरिक क्लोराइडने कोरलं. त्याला कळलेलं मर्म असं की, हे द्रावण जितकं दाट तितकं ते जिलेटिनमधून कमी झिरपतं. दाट द्रावण आधी फक्त सर्वांत गडद भागात शिरतं, पातळ करत गेलं की पुढच्या छटा कोरतं. आम्ही शंभर-सव्वाशे वर्षांनीही हेच करत होतो, फक्त त्याला ‘परक्लोराइड’ म्हणायचो. व्हिएन्नात कारेल क्लीचने १८७९ च्या सुमारास ही पद्धत इतकी पक्की केली की उत्तम चित्रपुस्तकं तिनेच, म्हणजे फोटोग्राव्ह्युअरने, छापली जाऊ लागली. पुढे इंग्लंडात लँकेस्टरला त्यानेच ती फिरत्या सिलिंडरवर नेली आणि कारखान्याने ती गुपित ठेवली.

इतक्या सुंदर पद्धती हाताशी होत्या, तर मग वर्तमानपत्रात कोरीव ठोकळे का चालत राहिले? कारण कोलोटाइप, वुडबरीटाइप, ग्राव्ह्युअर यांतलं काहीच खिळ्यांच्या शेजारी बसत नव्हतं. छापखान्याचा फर्मा म्हणजे लोखंडी चौकटीत आवळलेले खिळे, सगळे एका उंचीचे, ०.९१८ इंच. त्यात चित्राचा ठोकळा त्याच उंचीचा असला पाहिजे, त्याच रुळाने शाई घेतली पाहिजे, त्याच दाबाने उमटला पाहिजे. बातमी आणि फोटो एकाच फटक्यात छापायचे तर फोटोला खिळा व्हावं लागेल.

रेघांच्या चित्रांचं हे काम आधी जमलं. पॅरिसच्या फिर्मँ जिलोने १८५० मध्ये जस्ताच्या पत्र्यावरची रेघ उचलून धरून भोवतालचं जस्त नायट्रिकने खायला लावलं. आम्ही त्याला लाईन ब्लॉक म्हणायचो. यात आम्ल रेघेच्या खालून आत शिरून तिचा पाया पोखरतं. तो वाचवायला लाल राळेची पूड चारी बाजूंनी ब्रशने घासून, तापवून रेघेच्या कडेला वितळवायची. तिला ड्रॅगन्स ब्लड म्हणत. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात तीच हिरादखण म्हणून मिळते.

जस्त म्हटल्यावर पुणेकरांना फोटोझिंको आठवेल. सरकारी फोटोझिंको प्रेस हे नाव या शहरात अजून रुळलेलं आहे, पण ‘फोटोझिंको’ म्हणजे काय हे विचारलं तर फार कमी लोक सांगतात. १८५९-६० मध्ये इंग्लंडात साउदॅम्प्टनला नकाशाखात्याचे प्रमुख सर हेन्री जेम्स यांच्या कचेरीत मोठ्या नकाशाचा लहान नकाशा हाताने पुन्हा काढण्याऐवजी तो कॅमेऱ्याने लहान करून जस्तावर उतरवायची पद्धत बसली. फोटो अधिक झिंक, म्हणून फोटोझिंकोग्राफी. तीच पुण्याच्या सरकारी कचेरीत आली आणि मुंबई इलाख्याचे नकाशे इथे छापले गेले. लंडनमधल्या इंडिया म्युझियमच्या विल्यम ग्रिग्ज यांनी तर याच धर्तीच्या छपाईने पतंजलीच्या महाभाष्याची हस्तलिखितं जशीच्या तशी छापली: ४,६७४ पानं, ५० प्रती. हाताने नक्कल उतरवून घ्यायच्या अंदाजापेक्षा हे काम ६,००० पौंडांनी स्वस्त पडलं. यंत्राने अक्षराची नक्कल करताना चूक होत नाही, हे संस्कृतच्या अभ्यासकांच्या दृष्टीने पैशापेक्षा मोठं होतं.

पण रेघेच्या पलीकडे, करड्या गालाचा खिळा कसा करायचा? उत्तर टॉलबटच्या १८५२ च्या पेटंटातच होतं. निगेटिव्ह आणि पत्रा यांच्यामध्ये त्याने मलमलीसारखं जाळीदार कापड ठेवलं. जाळीने करडा रंग तुकड्यांत मोडला. गडद भागात तुकडे मोठे, फिक्या भागात लहान. शाई सगळीकडे तितकीच काळी. ठिपक्याच्या आकारामुळे डोळ्याला लांबून करडं वाटतं. पांढऱ्या कापडावर बारीक मोहरी पसरली आणि लांबून पाहिलं तर जसं दिसेल तसं. कल्पना सोपी. ती चालवायला आणखी तीसेक वर्षं लागली, कारण कापडाची वीण एकसारखी नसते.

तुम्हाला सापडलेलं न्यूयॉर्कचं नाव इथे येतं. त्याआधी कॅनडात मॉन्ट्रियलला लेगो आणि देबारा या जोडीने ३० ऑक्टोबर १८६९ च्या साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर प्रिन्स आर्थरचा फोटो जाळीने मोडून छापला. याच दोघांनी पुढे १८७३ मध्ये न्यूयॉर्कला डेली ग्राफिक काढलं. त्यात ४ मार्च १८८० ला स्टीफन हॉर्गनने झोपडवस्तीचा फोटो छापला, आणि वर्तमानपत्रातला पहिला हाफटोन, म्हणजे ठिपक्यांत मोडून छापलेला फोटो, म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. हे दोन्ही शिळाप्रेसच्या वंशातले छाप होते. ते मोठे होतेच, पण खिळ्यांच्या फर्म्यात बसणारा ब्लॉक अजून यायचा होता. रोज हजारो प्रती ओकणाऱ्या रोटरीवर हाफटोन चालायला १८९७ उजाडलं, न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये, आणि तेही याच हॉर्गनच्या हातून.

म्युनिकच्या गेओर्ग माइझेनबाखने १८८२ मध्ये एका दिशेच्या रेघांची काच वापरली आणि अर्ध्या एक्स्पोजरला ती फिरवली, म्हणजे रेघा एकमेकींना छेदून जाळी झाली. फिलाडेल्फियाच्या फ्रेडरिक आइव्ह्जने १८८६ च्या सुमारास अशा दोन काचा काटकोनात एकमेकींना चिकटवल्या. मॅक्स आणि लुई या लेव्ही बंधूंनी १८९० नंतर त्या काचा यंत्राने आखायला सुरुवात केली: काचेवर मेणासारखा थर, त्यावर हिऱ्याने रेघ, हायड्रोफ्लोरिक आम्लाने ती काचेत कोरायची, मग तिच्यात काळा रंग भरायचा. इंचाला १३३ रेघा. चौरस इंचात १७,६८९ ठिपके.

आमच्याकडची १३३ ची स्क्रीन, म्हणजे अशीच रेघांची काच, मखमली पेटीत असायची. ती हाताळायला मला पहिली दोन वर्षं परवानगी नव्हती. कॅमेरा होता एका खोलीएवढा. समोर पाटावर मूळ फोटो, दोन्ही बाजूंना आर्कचे दिवे, आत फिल्म, आणि फिल्मपासून काही मिलिमीटर अंतरावर स्क्रीन. चिकटवलेली नाही, अंतरावर. हे अंतरच सगळं काम करतं. जाळीच्या प्रत्येक चौकोनी छिद्रातून आलेला उजेड फिल्मवर पोचेपर्यंत मध्ये प्रखर आणि कडेला मंद होतो. फोटोच्या पांढऱ्या भागातून आलेला भरपूर उजेड ही मंद कडसुद्धा काळी करतो, म्हणून निगेटिव्हवर ठिपका मोठा. काळ्या भागातून आलेला थोडा उजेड फक्त मध्यभागी उमटतो, म्हणून लहान. अंतर अर्धा मिलिमीटर चुकलं तरी चेहरा सपाट येतो.

हे अंतर किती ठेवायचं याचं शास्त्र मांडणाऱ्यांत एक आपल्या देशातला माणूस आहे. कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी. मुलांसाठी काढलेल्या पुस्तकातली स्वतःची चित्रं वाईट छापलेली पाहून त्यांनी १८९५ मध्ये लंडनच्या पेनरोज कंपनीकडून सामान मागवलं आणि घरी प्रयोग सुरू केले. १८९७ पासून पेनरोजच्याच वार्षिकात त्यांचे लेख येऊ लागले: स्क्रीनचं अंतर, ठिपक्याचं गणित, रेघा साठ अंशांत छेदणारी वेगळी स्क्रीन. कुठल्याही युरोपीय कारखान्यात न शिकता, कलकत्त्याच्या दमट हवेत बसून त्यांनी तिकडच्या कारागिरांना शिकवलं. मी धंद्यात आलो तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं. कळलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं.

मराठी माणसाचं नावही घ्यायला हवं. दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळले ते नंतर. त्याआधी ते आमच्याच धंद्यातले. बडोद्याच्या कलाभवनात प्रा. गज्जरांच्या हाताखाली त्यांनी फोटोग्राफी आणि हाफटोन ब्लॉकची प्रक्रिया शिकून घेतली, लोणावळ्याजवळच्या राजा रविवर्मा प्रेससाठी फोटोलिथोचं काम केलं, मग स्वतःचा ब्लॉक आणि छपाईचा कारखाना काढला, आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची सामग्री पाहायला जर्मनीला गेले. ज्याला एका फोटोचे हजारो ठिपके करून पुन्हा चेहरा उभा करता येतो, त्याने पुढे एका हालचालीचे हजारो फोटो करून ती पडद्यावर उभी केली, यात मला एक सरळ रेघ दिसते.

तुमच्या मासिकातलं ठिपक्यांचं चित्र बहुधा वेगळ्या, चकचकीत पानावर असेल. तपासा. हाफटोनचा ठिपका खरबरीत कागदावर फुटतो, मजकुराच्या साध्या कागदावर १३३ ची स्क्रीन म्हणजे नुसता चिखल. म्हणून मासिकवाले चित्रासाठी आर्ट पेपरचं पान वेगळं छापून मध्ये घालत. वर्तमानपत्राच्या कागदाला ६५ ची जाड स्क्रीन, तिचे ठिपके भिंगाशिवायही दिसतात.

ठिपक्याची एक खोड सांगतो, तुम्ही ही चित्रं स्कॅन करणार असाल तर उपयोगी पडेल. माझ्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक बाई वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या जाहिरातीसाठी ब्लॉक करायला आल्या. घरात फोटो उरला नव्हता. जुन्या अंकातलं कात्रण होतं, तेवढंच. मी ते तसंच कॅमेऱ्याला लावलं. कात्रणातले ठिपके आणि आमच्या स्क्रीनचे ठिपके एकमेकांवर पडून चेहऱ्यावर मोठमोठ्या चौकड्या उठल्या, लुगड्याच्या चौकडीसारख्या. ब्लॉक पाहून त्या बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या पाहत राहिल्या. उस्तादांनी तो ब्लॉक फेकला, कात्रण किंचित आउट ऑफ फोकस केलं म्हणजे जुने ठिपके विरघळले, स्क्रीन तिरकी फिरवली, आणि रात्री साडेअकराला नवा ब्लॉक सागवानी ठोकळ्यावर ठोकून दिला. चेहरा आला. थोडा मऊ, पण माणूस ओळखू येत होता. छापील चित्र स्कॅन करताना तुम्हालाही असंच होईल. जास्तीत जास्त रिझोल्यूशनला स्कॅन करा आणि लहान नंतर करा. आधी लहान केलंत तर चौकड्या उठणारच.

आता तपकिरी चित्राची खात्री कशी करायची ते. खोली अंधारी करा आणि टॉर्च चित्राच्या पातळीत, अगदी बाजूने धरा. वुडबरीटाइप असेल तर गडद भाग, म्हणजे कोट, केस, पाठीमागचा पडदा, फिक्या भागांपेक्षा किंचित वर उचललेले आणि थोडे चकाकणारे दिसतील; खूप गडद जागी बारीक भेगाही असू शकतात. फिके भाग पिवळे पडलेले नसतील. ते पिवळट असतील आणि भिंगाखाली कागदाचे तंतू दिसत असतील, तर चित्र छापील नाही, अंड्याच्या पांढऱ्या भागाचा, म्हणजे अल्ब्युमेनचा खरा फोटो आहे, आणि दुकानदार चुकला. वळवळत्या रेघा दिसल्या तर कोलोटाइप. भोवती कागदावर पत्र्याची दबलेली चौकट असेल तर ग्राव्ह्युअर, पण तुमचं चित्र चिकटवलेलं असल्याने ती शक्यता मी शेवटी ठेवतो. चित्राखाली बारीक अक्षरात पद्धतीचं नाव छापलेलं आहे का तेही पाहा. वुडबरीटाइपवाले ते बऱ्याचदा छापत.

मागे काही लिहिलंय का हे पाहायला ते पानावरून सोडवू नका, आणि डाग पुसायला ओलं फडकं तर मुळीच लावू नका. तुरटीने घट्ट केलेलं असलं तरी ते जिलेटिनच आहे. पाणी लागलं की फुगतं, आणि सव्वाशे-दीडशे वर्षं जपलेला चेहरा फडक्याबरोबर निघून येतो.